बोटीवरचा दिवा कुणासाठी?

'एलईडी' हा शब्द आमच्या किनाऱ्यावर आता शिवीसारखा वापरला जातो. 'तो एलईडीवाला' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. शहरातल्या वाचकांना याची गंमत वाटेल, कारण त्यांच्या घरात छतापासून फ्रिजपर्यंत सगळे दिवे एलईडीचेच आहेत. पण मालवण, देवगड, रत्नागिरी, हर्णै, कुठल्याही बंदरावर जाऊन हा शब्द काढून बघा. लोक आधी तुमच्याकडे नीट बघतील, मग बोलतील.

सध्या पावसाळी बंदी आहे. १ जून ते ३१ जुलै. होड्या शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला पसरलेली, इंजिनं उघडलेली. बोटीची इलेक्ट्रिकची कामंही याच दिवसांत निघतात. गेल्या आठवड्यात एका लहान बोटमालकाने मला विचारलं, "डेकवरचे जुने हॅलोजन काढून एलईडी बसवू म्हणतोय. पकडतील का हो?" माणूस सरळ आहे. त्याला मासे बोलवायचे नाहीत, रात्री जाळं ओढताना खलाशांचे हात दिसले पाहिजेत, एवढंच. तरी त्याला भीती वाटते. आणि खरंच मासे बोलावणारे काही जण पकडले गेले की बिनदिक्कत सांगतात, "साहेब, हे तर डेकचे दिवे!"

दोघांच्या हातात दिवा एकच आहे. हे असं कसं झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

उजेडाने मासे पकडणं ही काही काल-परवाची चलाखी नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला, व्हाळात कुर्ल्या पकडायला कोकणातली माणसं चूड पेटवून जायची. पुढे चुडीच्या जागी बत्ती आली. पण त्या उजेडाची पोच किती? हातभर, फार तर दोन हात. चूड विझली की घरी. त्याने कुणाचा व्हाळ रिकामा झाला नाही आणि कुणी मोर्चाही काढला नाही.

दर्यात तर उलटाच हिशेब होता. तिथे अंधारच कामाचा. काळोख्या रात्री तारलीचा किंवा बांगड्याचा थवा हलला की पाण्यातले अतिसूक्ष्म जीव चमकतात आणि तांडेलाला थव्याची जागा कळते. डोळा अंधाराला सरावलेला असेल तरच ही चमक दिसते, आणि तो पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक झगझगीत दिवा डोळ्यांसमोर आला की ती सगळी कमाई क्षणात जाते. म्हणून जुन्या होड्यांवर दिवा असायचा तो भात शिजवण्यापुरता आणि दुसऱ्याला दिसण्यापुरता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर होता. तसला कंदील होडीत टांगला की रात्र निघायची.

दुसऱ्याला दिसण्यासाठी दिवा, ही गोष्ट कंदिलाएवढी साधी वाटते, पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. वाफेची जहाजं आली आणि समुद्रावर टकरी वाढल्या. शिडाचं जहाज वाऱ्याच्या मर्जीने चालतं, त्याची चाल ओळखता येते. आगबोट कुठूनही कुठेही वळते. म्हणून १८४८ मध्ये ब्रिटनने आपल्या आगबोटींसाठी नियम केला : डोलकाठीवर पांढरा, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. १८५८ मध्ये शिडाच्या जहाजांनाही रंगीत दिवे लागले. १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून नियम ठरवले आणि बाकीचे देश त्यात येत गेले. त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावर दीपगृहं उभी राहत होती. खांदेरीचं १८६७ चं, मुंबईच्या तोंडावरचं प्राँग्ज १८७५ चं. आज जगभर जे नियम चालतात ते १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातले. १५ जुलै १९७७ पासून ते लागू झाले आणि भारतही त्यात आहे.

या नियमांची एक भाषा आहे. अंधारात फक्त रंग बघून समोरची बोट कुठे चालली आहे हे कळलं पाहिजे. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, तर ती सरळ तुमच्या अंगावर येते आहे. ट्रॉल ओढणाऱ्या बोटीने वर हिरवा, खाली पांढरा लावायचा. इतर जाळी टाकून बसलेल्या बोटीने वर लाल, खाली पांढरा. जाळं बोटीपासून आडवं १५० मीटरच्या पलीकडे गेलं असेल, तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा. म्हणजे येणाऱ्या जहाजाला समजतं की इकडे माणसं आहेत आणि तिकडे त्यांचं जाळं आहे.

आणि याच नियमांत एक कलम आहे, विसावं. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ठरलेल्या दिव्यांशी गल्लत होईल, ते दिसेनासे होतील किंवा बोटीवरून नजर ठेवण्यात अडथळा येईल असा कुठलाही दुसरा दिवा दाखवायचा नाही. मासे, परवाना, जाळं, कशाचाही इथे संबंध नाही. डेकवर काय लावायचं याचा पहिला कायदा हाच, आणि आमच्या बंदरांवर तो जवळजवळ कुणाच्याच तोंडी नाही.

मधल्या काळात गॅसबत्ती येऊन गेली. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने १८८५ मध्ये जाळीचं मॅन्टल शोधलं, जर्मनीच्या पेट्रोमॅक्सने ते रॉकेलवर आणि पंपावर बसवलं, आणि आपल्याकडे लग्नाच्या वरातीपासून दशावतारापर्यंत गॅसबत्तीचं राज्य झालं. बोटीवर मात्र ती बत्ती लाडाची. मॅन्टल एका हिसक्यात राख होऊन पडतं आणि गरम काचेवर खारं पाणी उडालं की काच तडकते.

खरा बदल झाला तो इंजिनाने. १९५२ मध्ये भारत-नॉर्वे करार झाला, केरळात नींडकरा इथे प्रकल्प उभा राहिला, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत यांत्रिक बोटी, ट्रॉल, मग पर्ससीन, असं सगळं पश्चिम किनाऱ्यावर पसरत गेलं. बोट लांब जायला लागली, रात्र रात्र दर्यात राहायला लागली. डेकवर रात्री काम करण्याचा प्रश्न तेव्हा आला. इंजिनाबरोबर डायनामो आला, बॅटरी आली, बल्ब आला. इंजिनाच्या हादऱ्याने बल्बची तार तुटायची, म्हणून जास्तीचे बल्ब डब्यात ठेवलेले असायचे. पुढे हॅलोजन आले. ५०० वॅटचा एक हॅलोजन लावायचा तर जनरेटर हवा, जनरेटरला इंधन हवं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चुडीपासून हॅलोजनपर्यंत उजेडाला खर्चाचा लगाम होता. जास्त उजेड म्हणजे जास्त रॉकेल, जास्त डिझेल. मालक स्वतःच ओरडायचा, "बंद कर तो दिवा!" सरकारला काही करावं लागत नव्हतं.

एलईडीने तो लगाम काढून टाकला. लाल एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याकने केला. निळा जमायला आणखी तीस वर्षं गेली. तो जमवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळा आला म्हणून पांढरा आला. ५०० वॅटच्या हॅलोजनइतका, म्हणजे साधारण दहा हजार लुमेन उजेड, आता १०० वॅटमध्ये मिळतो. पाचपट बचत. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, फार चांगलं झालं. पण मासे बोलावणाऱ्याने वीज वाचवली नाही. तेवढ्याच जनरेटरवर पाचपट उजेड पाडला, आणि दिवे जलरोधक असल्यामुळे ते थेट पाण्यात सोडले.

पाण्यात उजेड सोडला की काय होतं, तेही सांगतो. उजेडाकडे आधी सूक्ष्म प्राणी गोळा होतात, त्यांच्यामागे लहान मासळी, तिच्यामागे मोठी. म्हाकूल उजेडाच्या कडेला, सावलीत टपून राहतो. लाल रंग पाण्यात थोड्याच अंतरावर विरतो, निळा-हिरवा खोल जातो, आणि पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच भरपूर असतो. एक बोट दिवे आणि जनरेटर घेऊन उभी राहते, मासळी जमली की दुसरी बोट पर्ससीनचा वेढा टाकते. त्यात पिल्लं, अंडी भरलेल्या माद्या, सगळंच येतं. शेजारी न्हय्या-गिलनेटवाला लहान मच्छीमार बर्फ तसाच घेऊन परततो. ज्यांनी ही पद्धत जवळून पाहिली आहे त्यांना तिच्यावरची बंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न पडत नाही. मलाही पडत नाही.

बंदीपर्यंत पोचायलाही इतिहास घडावा लागला. सत्तरच्या दशकात गोव्यात रापणकार ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे नेते त्या लढ्यातून पुढे आले. त्या काळातल्या संघर्षातूनच राज्यांचे सागरी मासेमारी कायदे झाले. गोवा आणि केरळचे १९८० चे, महाराष्ट्राचा १९८१ चा. तेव्हा भांडण होतं जाळ्याचं आणि अंतराचं. दिव्याचा प्रश्न कुणाच्या स्वप्नातही नव्हता. महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले. पण राज्याची हद्द १२ सागरी मैलांची. त्यापलीकडे केंद्राचं पाणी. दिवेवाले म्हणायचे, आम्ही बाराच्या बाहेर होतो. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रातही कृत्रिम उजेडाच्या मासेमारीवर बंदी घातली आणि कागदावर तरी ती पळवाट बुजली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. एलईडी मासेमारीला ५ ते २० लाख दंड ठेवला, आणि तहसीलदारांपुढे चालणारी प्रकरणं मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिली. २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. तरी काळोखाच्या पंधरवड्यात किनाऱ्यावरून क्षितिजाकडे बघा. दिवाळी कुठे चालू आहे ते दिसतं. पौर्णिमेला मात्र ती विझते, कारण चांदण्यात त्या दिव्यांची किंमत कमी होते. कॅलेंडर बघून चालणाऱ्या या दिव्यांना 'डेकचे दिवे' म्हणणं ही थट्टा आहे. डेकवरचं काम पौर्णिमेलाही असतंच की.

आता त्या सरळ मालकाकडे येऊ. डेकवर चांगला उजेड हा खलाशाचा हक्क आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्या फळीवर पाय घसरतो, विंचमध्ये दोर चालू असतो, दोराच्या वेढ्यात पाय अडकला की माणूस पाण्यात. जाळं रिकामं केलं की ढिगात पाकटाचा काटा असतो, शिंगाड्याचा काटा असतो, कधी जिवंत समुद्रसाप असतो. हे सगळं मिणमिणत्या बल्बखाली हाताने निवडायचं. ज्याने हे काम कधी केलं नाही त्यानेच 'बोटीवर एलईडी नकोच' असं सरसकट म्हणावं. सरसकट बंदीची भीती पसरली की नुकसान होतं ते हात चालवणाऱ्याचं. दिवे पाण्यात सोडणारा त्याची सोय कशीही करून घेतो.

मग फरक कशात? एका म्हाताऱ्या तांडेलाने मला तो सहा शब्दांच्या आत सांगितला : "उजेड बोटीर होयो, दर्यात कित्याक?" आकड्यांत सांगायचं तर असं. १२ ते ५० मीटर लांबीच्या बोटीचा लाल-हिरवा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे, आणि नियमांच्या तक्त्याप्रमाणे त्यासाठी ४.३ कँडेला तीव्रता पुरते. फक्त ४.३! दहा हजार लुमेनचा एक एलईडी फोकस, १२० अंशांत उजेड पसरवणारा, समोरून बघणाऱ्याला साधारण तीन हजार कँडेला दिसतो. सातशे पट. तो बाहेरच्या दिशेने लावला की तुमचा लाल-हिरवा दिवा येणाऱ्या जहाजासाठी विझल्यात जमा. तुम्ही ट्रॉल ओढताय, जाळं टाकून बसलाय की चालत आहात, त्याला काही कळत नाही. त्याला दिसतो एक पांढरा गोळा. एकोणिसाव्या शतकापासून माणसांनी घासून-पुसून तयार केलेली रंगांची भाषा एका फोकसने पुसली जाते, आणि त्याची किंमत मालाच्या जहाजाला मोजावी लागत नाही, आपल्या बोटीला लागते.

म्हणून दिव्याची तपासणी वॅटवरून न करता दिशेवरून करावी, असं मी सुचवीन. ड्रोनला वरून काय दिसतं? डेक उजळलेला आणि भोवती काळं पाणी, की बोटीभोवती हिरवट पाण्याचं कडं? बाहेर काढलेल्या दांड्या आहेत का, पाण्यात सोडायच्या लांब केबली आहेत का, बोटीच्या गरजेच्या मानाने जनरेटर केवढा आहे? बंदरात उभ्या बोटीवरही हे दिवसाढवळ्या तपासता येतं. त्यासाठी रात्री समुद्रात पाठलाग करायची गरज नाही. करायचंच असेल तर.

मालकांनी काय करावं? केबिनच्या मागच्या भिंतीवर, छपराच्या वळचणीखाली दिवे बसवा, तोंड मागे आणि खाली. वर टोपी असलेला फोकस घ्या, म्हणजे उजेड काठाबाहेर सांडणार नाही. डोलकाठीच्या टोकावर फोकस नको. एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन-तीन लहान बरे, कारण एकाच दिव्याने माणसाची स्वतःचीच सावली हातावर पडते. थंड पांढऱ्यापेक्षा पिवळसर पांढरा, ३००० केल्विनच्या आसपासचा घ्या. धुक्यात आणि उडणाऱ्या पाण्यात तो डोळ्यांवर कमी येतो, आणि निळा भाग कमी असल्याने पाण्यातही कमी शिरतो. डेकचं बटण वेगळं, मार्गाच्या दिव्यांचं वेगळं. बोट चालू असताना डेक बंद. केबिनमध्ये रात्री मंद लाल दिवा, तांडेलाचे डोळे शाबूत राहतात.

बसवण्यात सगळ्यात जास्त फसगत वायरमध्ये होते. १०० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर आठ अँपिअरहून जास्त खेचतो. बॅटरीपासून १२ मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर जाता-येता दीड व्होल्ट वाटेतच संपतो. तोच दिवा २४ व्होल्टवर चालवला तर पाऊण व्होल्ट जातो, तोही चोवीसमधला. ज्यांच्या बोटीवर २४ आहे त्यांनी १२ चे दिवे स्वस्त मिळाले म्हणून उचलू नयेत. तांब्याची तार कल्हई केलेली हवी, नाहीतर खाऱ्या हवेत दोन सीझनमध्ये हिरवी होते. प्रत्येक दिव्याला फ्यूज. दिव्याची बॉडी अॅल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचे असतात, त्यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खारं पाणी त्या जोडात अॅल्युमिनियम खाऊन टाकतं. पेटीवर आयपी ६७ लिहिलेलं बघा, आणि जिथून वायर आत जाते ती जागा खालच्या बाजूला येईल असा दिवा लावा.

शेवटची गोष्ट बऱ्याच जणांना नवीन वाटेल. एलईडीच्या आत वीज बदलणारा जो भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. स्वस्त ड्रायव्हर रेडिओ लहरींत खरखर सोडतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने यावर खास इशारा काढला होता : एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस बिघडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आपल्याकडे २६/११ नंतर २० मीटरहून लांब बोटींना एआयएस आलं, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये एक लाख बोटींसाठी ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली. एवढी यंत्रं बोटीवर ठेवायची आणि संकटाच्या वेळी सोळा नंबरच्या चॅनलवर हाक पोचायची नाही, कारण डेकचा दिवा चालू होता, असं व्हायला नको. चाचणी सोपी आहे. बोटीवरचे सगळे एलईडी बंद करा. व्हीएचएफ एका शांत चॅनलवर लावा. स्क्वेल्चचं बटण खरखर सुरू होईपर्यंत फिरवा, मग ती जेमतेम थांबेल इतकं मागे आणा. आता एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्याला खरखर परत आली तो काढून दुकानदाराला परत द्या. हे वायरमन बोटीवर असतानाच करा, ३१ जुलैच्या आत, बोट धक्क्याला बांधलेली असताना.